उसन्या आवाजाची आज्जी

आज्जी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिचं कागदावरचं नाव वेगळं आहे आणि चांगलं ठसठशीत आहे, पण आमच्या पेठेत ते फक्त शाळेच्या हजेरीत आणि रेशन कार्डावर चालायचं. बाकी लहानथोर सगळे तिला आज्जीच म्हणायचे. दूधवाला म्हणायचा, वर्गातल्या मुली म्हणायच्या, आणि तिचे वडीलसुद्धा गिरणीतून "आज्जी, डबे आत घे" अशी हाक मारायचे. तिची खरी आजी तेव्हा हयात होती. नक्की कुणाला बोलावलंय असा घोळ झाला की ती खाटेवरूनच सांगायची, "मला न्हवं, त्या थोरलीला बोलवाय लागल्यात."

आमच्याकडं कुस्तीची तालीम हेच गणपतीचं मंडळ, आणि हे नाव तिला तालमीच्या देखाव्यानं मिळवून दिलं. गणपतीत कोल्हापूरचे सजीव देखावे ज्यांनी पाहिलेत त्यांना त्याची पद्धत ठाऊक आहे. पेठेतलीच माणसं नटतात, संवाद आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून ठेवतात, आणि रस्त्यावरच्या स्टेजवर नट त्या आवाजावर नुसते ओठ हलवतात. शेजारच्या मंडळाच्या दणदणाटात खरा आवाज कुणाला ऐकू जाणार? त्या वर्षी आमच्या तालमीनं महापुराचा देखावा घेतला होता. घरात पाणी शिरलंय, बोट दारात उभी आहे, आणि म्हशीला सोडून बोटीत बसायला म्हातारी तयार नाही, असा प्रसंग. म्हातारी करणारे गृहस्थ ऐन वेळी तापानं आडवे झाले. रोज कोपऱ्यात बसून सराव बघणारी, गिरणीवाल्या तात्यांची बारा वर्षांची पोरगी उठून म्हणाली, "मी करतो की." दुसरं कुणी नव्हतं म्हणून तिला लुगडं नेसवलं. देखावा संपल्यावर जयसिंगपूरचे एक पाहुणे स्टेजमागं आले आणि कार्यकर्त्यांवर डाफरले, "म्हातारीला एवढा येळ हुबं केलंय, खुर्ची तरी द्या की." खुर्ची आली. आज्जी कण्हत त्या खुर्चीवर टेकली आणि पाहुणे गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत उठली नाही.

त्या म्हातारीचा आवाज मात्र माझा होता. मी हायस्कूलला भूगोल शिकवते. माझा आवाज लहानपणापासून इतका घोगरा, की फोनवर अनोळखी माणसं मला काका म्हणतात. त्यामुळे तालमीच्या देखाव्यातल्या सगळ्या म्हाताऱ्या माझ्या गळ्यात पडायच्या. कागद हातात घ्यायचा, वाचून टाकायचा आणि घरी यायचं, एवढंच माझं काम होतं. दुसऱ्या वर्षापासून आज्जी स्टुडिओत माझ्यासमोर येऊन बसायला लागली. मी बोलायचे, ती ओठ हलवायची, आणि मध्येच हात वर करायची.

"आक्का, हितं वाईच थांबा. मला गुडघ्यावर हात ठेवून उठायचं हाय."

"अगं, वाक्य मध्येच तुटतंय."

"म्हातारी उठताना तुटतंयच की वाक्य."

मी घरी येऊन आईला खाटेवरून उठताना बोलायला लावलं. वाक्य तुटलं. तेरा वर्षांच्या पोरीनं मला कामाला लावलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं.

म्हाताऱ्या बघणं हा तिचा नाद होता. भाजी मंडईत, देवळाच्या पायरीवर, एसटी स्टँडवर ती त्यांच्यासमोर बसून राहायची. ती म्हणायची, "बसल्यावर सगळ्या सारख्याच दिसत्यात. उठाय लागल्या की कळतंय, कोण किती म्हातारी हाय ते." शाहूवाडीकडची एक बाई आमच्याकडं तांदूळ घालायला यायची. तिची एक टाच टेकत नसे. एकदा आज्जी तिच्या मागोमाग स्टँडपर्यंत गेली, गाडी हलल्यावर तिच्याच चालीनं पेठेत परत आली, आणि वाटेत दोघांनी तिला हात धरून रस्ता ओलांडून दिला. माझी आई मात्र वैतागायची. "ही पोरगी मला काय बघाय येती? मी काय देखावा हाय व्हय?"

एवढं सगळं होतं, पण आवाज नव्हता. म्हणजे होता, पण दोऱ्याएवढा. शाळेत हजेरीला ती "हजर" म्हणायची आणि गैरहजर लागायची. त्याला कारण तिचं घर. पुढं पिठाची गिरण, मागं दोन खोल्या, आणि पट्टा फिरत असताना तिथं कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. आई इचलकरंजीची, यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या घरात वाढलेली. ओरडून काही उपयोग नसतो हे ती माहेराहून शिकून आली होती. ती दारात येऊन नुसते ओठ हलवायची, आणि पिठानं पांढरे झालेले तात्या आतून मान डोलवायचे. जेवायला चला, पाहुणे आलेत, भाजीत मीठ जास्त झालंय, सगळं ओठांवर. बाकीचं कोल्हापूर एकमेकांच्या कानात ओरडतं, आणि हे एक घर चेहऱ्यानं बोलायचं.

बारावी झाल्यावर तिनं नाटकाच्या पदवीला अर्ज भरले, एक पुण्याला आणि एक मुंबईला. तात्यांना आधी पटेना. "नाटकाचं कालेज असतंय व्हय? तालमीत फुकट शिकवत्यात की." पण आईनं दारातून काहीतरी ओठ हलवले आणि तात्यांनी मान डोलवली. काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही. बरोबर जायला मी निघाले, कारण पेठेत नाटकाशी संबंध असलेली शिकलेली बाई मीच होते, आणि माझा संबंध तरी काय, तर घसा.

पुण्याला तिनं पुरातली म्हातारीच करायची ठरवली होती. मी दाराबाहेर कान लावून उभी. आत चिडीचूप. मला वाटलं, अजून सुरुवातच व्हायची आहे. बऱ्याच वेळानं टाळ्या वाजल्या आणि आज्जी पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आली.

"आक्का, आवाज लावायचाच ऱ्हायला."

"म्हणजे?"

"डोक्यात तुमची टेप सुरू झाली आणि मी नुसते ओठ हलवत ऱ्हायलो. निम्म्यात ध्यानात आलं. पर आता मध्येच बोललो तर चूक दिसंल, म्हणून तसंच रेटलं."

परीक्षकांनी तिला विचारलं होतं, शब्दांशिवाय करायची ही कल्पना कशी सुचली? तिनं खरं ते सांगून टाकलं, "सुचली न्हाय, चुकलो." त्यावर ते आणखीच खूश झाले. मी कपाळाला हात लावला, पण बस स्वारगेटहून सुटेपर्यंत माझं हसू आवरत नव्हतं.

मुंबईला ती आवाज लावायचा ठरवूनच गेली. मधल्या दिवसांत तिनं गिरणीमागं बसून सराव केला होता. इथंही मी दाराबाहेर बसले होते, आणि आतून मला माझाच आवाज ऐकू आला. तोच घोगरेपणा, श्वास घ्यायच्या त्याच जागा, वाक्य संपताना खाली जाणारा तोच सूर. मी दचकले. तेवढ्यात दार उघडलं आणि मला आत बोलावलं गेलं. परीक्षकांमध्ये एक वयस्क बाई होत्या. आज्जीनं आवाज आक्कांचा आहे आणि आक्का बाहेर बसल्यात असं सांगितल्यावर त्यांना मला ऐकायचं होतं. मी एक वाक्य बोलले. त्या हसल्या आणि आज्जीकडं वळल्या.

"अंग तयार आहे तुझं. पण हा आवाज यांचा. तुझा कुठला?"

आज्जी काहीतरी म्हणाली.

"ऐकू येत नाही."

"हाय तो एवढाच हाय," आज्जी जमेल तितकं मोठ्यानं म्हणाली.

"मग इथं आलीस तर पहिलं वर्ष फार जड जाईल," असं म्हणून बाईंनी पुढच्या मुलाला बोलावलं.

पुण्याच्या पहिल्या यादीत तिचं नाव वरच लागलं. मुंबईनं वेटिंग लिस्टवर ठेवलं. पुण्याची जागा शनिवारपर्यंत पक्की करायची होती, नाहीतर ती पुढच्या मुलाला जाणार. मुंबईची दुसरी यादी त्यानंतर लागणार होती. ते दिवस सगळ्या पेठेनं काढले. तालमीच्या कट्ट्यावर पैलवान मोबाईलवर संस्थेची वेबसाइट उघडून बसायचे. किराणा दुकानदार सामान बांधता बांधता विचारायचा, "लागली का यादी?" आणि तात्या. त्यांनी फोन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला होता, आणि तो थरथरला की ते गिरण बंद करायचे. पट्टा थांबायचा, डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका ओरडायच्या, आणि फोनवर कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारत असायचं. आठवडाभर लोकांनी जाडंभरडं पीठ खाल्लं, पण एकानंही डबा दुसऱ्या गिरणीत नेला नाही.

सगळ्यांचं मत पुणे. माझंही. हातातली जागा, घराजवळचं गाव, शिवाय तिचं कौतुक करणारी माणसं. शुक्रवारी संध्याकाळी गिरणीसमोर बसून मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आक्का, पुण्याला मी चुकलो तर टाळ्या पडल्या. मुंबईला जीव तोडून केलं तर चूक घावली. आता तुम्ही मास्तरीण हाय, तुम्हीच सांगा, शिकाय कुठं जायाचं?"

मी मांडीवर उडालेलं पीठ झटकायला लागले.

तात्या दारातून ऐकत होते. "आणि तितं न्हायच लागलं तर?"

"तर वर्षभर गिरणीत बसतो आणि परत जातो."

"बाई, तुम्ही तरी सांगा की हिला," तात्या मला म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. मला तिचं म्हणणं पटलं होतं आणि भीतीही वाटत होती. शनिवार उजाडला आणि मावळला. पुण्याची जागा गेली. पेठेत बऱ्याच जणांनी तिला वेड्यात काढलं. काहींनी मलाही काढलं, कारण नाटकाचं खूळ मी घातलं असा त्यांचा समज होता. तिनं मात्र त्या दिवसांत कुणाला उलट उत्तर दिलं नाही. सकाळी उठून गिरणीत बसायची, डबे लावायची, आणि कुणी विचारलंच तर सांगायची, "बघू की." रिकाम्या हातानं, एवढ्या शांतपणे वाट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. माझ्या मनात तिच्याबद्दलचा आदर त्या दिवसांत सुरू झाला. त्याआधी नुसती माया होती.

यादी लागली तेव्हा गिरण चालू होती. वजनकाट्याशी वाकायचं म्हणून तात्यांनी फोन नेमका आईकडं देऊन ठेवला होता, त्यामुळे तो तिनंच पाहिला. आज्जी माझ्या दारात, रस्त्याच्या पलीकडं उभी होती. आई उंबऱ्यावर आली आणि तिथूनच ओठ हलवले. मला काही कळलं नाही. आज्जी भिंतीला टेकून खाली बसली.

"काय म्हणाली गं?"

"लागलं म्हणाली."

तात्यांना कळल्यावर त्यांनी पट्टा उतरवला आणि बायकांना हात जोडले. म्हणाले, आज पीठ न्हाय, उद्या या. मग ते दळायच्या गव्हाच्या पोत्यावर बसून चांगले हुंदके देऊन रडले. अंगावरच्या पिठाचा गालावर चिखल झाला. कुणी हसलं नाही.

पहिलं वर्ष खरंच जड गेलं. फोनवर ती फारसं सांगायची नाही. एकदा म्हणाली, "रोज नुसतं 'आ' करून उभं करत्यात, आक्का. लाज वाटती." दुसऱ्या एका वेळी म्हणाली, "आज बाई म्हणाल्या, आता आवाज बेंबीपास्नं निघाय लागलाय, फक्त वाटेत दमतोय." तिनं सोडून यावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि तिनंही तसं कधी म्हटलं नाही.

ते वर्ष संपल्यावरच्या गणपतीला ती सुट्टी घेऊन आली. तालमीनं म्हातारीचा नवा देखावा बसवला होता आणि आवाज मी आधीच देऊन ठेवला होता. आज्जी येणार म्हणून पहिल्या दिवशी रस्ता माणसांनी भरला. दिवे लागले, स्पीकरमधून माझा आवाज सुरू झाला, आणि आज्जी चुकली. तिचे ओठ मागं पडले. मग पुढं पळाले. तालमीच्या अध्यक्षांनी टेप परत पहिल्यापासून लावायला लावली. परत तेच. आमच्या पेठेतली, ओठ जुळवण्यात जिचा हात धरणारा कुणी नव्हता ती पोरगी, भर गर्दीत अडखळत होती. लोक कुजबुजायला लागले.

ती स्टेजच्या कडेला आली. मी तिथंच उभी होते.

"आक्का, जमंना. तुमचा श्वास वेगळा पडतोय, माझा वेगळा." माझ्याकडं बघायचं ती टाळत होती. मला वाईट वाटेल असं तिला वाटलं असावं.

वाईट वाटलंही, क्षणभर. सहा वर्षं आम्ही दोघी मिळून एक बाई होतो. पण त्या क्षणाच्या पाठोपाठ जो अभिमान आला, तसा मला स्वतःच्या कुठल्या यशाचाही कधी वाटला नव्हता. मी साऊंडवाल्याकडं गेले आणि टेप बंद करायला सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मग ऐकाय काय येणार?" मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

आज्जी परत मध्यभागी गेली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि बोलायला लागली. आवाज घोगरा नव्हता, मोठाही नव्हता. पलीकडच्या मंडळाचे ढोल चालूच होते, आणि तो रस्त्याच्या निम्म्यापर्यंतच पोचत होता. मागच्या लोकांना ऐकू येईना. कुणी ओरडलं नाही की निघून गेलं नाही. ते पुढं सरकले. त्यांच्या मागचेही सरकले, आणि स्टेजला टेकेपर्यंत सगळा रस्ता तिच्याकडं सरकत राहिला. त्यात मीही होते.