थांबामावशी

दूतावासाच्या मदत खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे थांबामावशी म्हणत. फोन उचलला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "थांबा, कशावरही सही करू नका." लेकीकडे महिनाभरासाठी आलेल्या एका निवृत्त गणिताच्या मास्तरांना त्यांचं मोल कळलं ते पोलीस चौकीच्या बाकावर.

झालं होतं एवढंच, की मास्तरांनी एका पुलाचा फोटो काढला. पुलापलीकडे लष्कराचं कोठार आहे आणि तिथे फोटोला बंदी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पाटी होती, पण परक्या भाषेत. शिपायांनी त्यांना चौकीत आणलं, मोबाइल काढून घेतला आणि चार पानी जबाब पुढे सरकवला. सही केली की सुटलो, असं मास्तरांना वाटलं. पण जावयाने खिशात घातलेली दूतावासाच्या नंबराची चिठ्ठी त्यांनी आधी दाखवली, आणि शिपायाने फोन लावून दिला.

पाऊण तासात मावशी आल्या. ठेंगण्याशा, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. मास्तरांचा धीर आणखीच खचला. ही बाई काय करणार?

मावशींनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"मास्तर, यात लिहिलंय, तुम्ही मुद्दाम पाळत ठेवून फोटो काढले. खरंय?"

"छे हो! लेकीला दाखवायला काढला."

"मग हा तुमचा जबाब नाही."

मावशी टेबलामागच्या अधिकाऱ्याकडे वळल्या आणि आवाज तसूभरही न चढवता त्याच्याच भाषेत बोलल्या, कायद्याच्या कलमासकट. अधिकाऱ्याने जाडजूड पुस्तक उघडलं, वाचलं आणि मुकाट्याने उठून स्वतःची खुर्ची त्यांना दिली. मास्तर आ वासून बघत राहिले. जबाब नव्याने लिहिला गेला, मावशी वाक्यावाक्याचा अर्थ सांगत गेल्या. फोटो पुसला, समज दिली आणि चारच्या आत मास्तर रस्त्यावर होते.

"एवढा कायदा शिकलात कुठे?"

"कोठडीत," मावशी सहज म्हणाल्या. "तिसाव्या वर्षी पहिल्यांदा इथे आले, तेव्हा शेजारणीने तिच्या इथल्या भावासाठी पुडकं दिलं होतं. त्यात बंदी असलेल्या गोळ्या निघाल्या. 'सामान माझंच' असं लिहिलेल्या कागदावर न वाचता सही केली मी. अकरा दिवस आत होते. बरोबरच्या एका बाईकडून तिथेच इथल्या भाषेची मुळाक्षरं गिरवली. सुटल्यावर पहिलं वाचलं ते कायद्याचं पुस्तक."

"आता भीती नाही वाटत?"

"वाटते ना! म्हणून तर प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचते."

मावशींची बस आली. त्या चढल्या आणि गर्दीत कुठेतरी बसल्या. घ्यायला आलेली लेक "बाबा, चला ना" म्हणत होती, पण मास्तरांचा पाय निघेना. आयुष्यभर वर्गातली पोरं त्यांच्यासाठी उठून उभी राहिली होती. आज बस वळेपर्यंत ते त्या पोरांसारखे ताठ उभे होते.