नावाड्याच्या घराचं शेवटचं पान

आमच्या फिनिशिंगच्या खोलीत पूर्वी एक रेडिओ होता. तो एकदा जो बसला तो कायमचा, आणि त्याची जागा आमच्यातल्या एका पोरीने घेतली. म्हणून तिला सगळे रेडिओच म्हणतात. खरं नाव फक्त हजेरी घेताना मालकांच्या तोंडी येतं, आणि ते ऐकून तिला स्वतःलाच ओ द्यायचं सुचत नाही.

आमचा शर्टांचा कारखाना. पुढच्या खोलीत मशीनची खडखड, मध्ये एक जाड दार, आणि मागे आम्ही बायका. मी बटणं लावते, दोघीजणी घड्या घालून पुठ्ठ्याला टाचण्या मारतात, रेडिओ शिवणीचे सुटे धागे कापते आणि मावशी हाताने काजं करते. मावशीसारखं काज मशीनला जन्मात जमायचं नाही. स्वभाव मात्र सुईसारखाच, सरळ आणि टोचरा.

वाचनाची सुरुवात माझ्यामुळे झाली. जेवणाच्या सुट्टीत रेडिओ एका हातात घास, एका हातात कादंबरी धरून स्वतःशीच हसायची. मला ते बघवेना. म्हटलं, एकटी काय हसतेस, आम्हालाही हसव की. तिने वाचायला सुरुवात केली आणि सुट्टी संपली तरी कोणी उठेना. मग ठरूनच गेलं. तिने वाचायचं, तिच्या वाटचे धागे आम्ही वाटून कापायचे. मालकांना कुणकुण लागली तेव्हा ते झापायला म्हणून आले, दारात थोडा वेळ उभे राहिले, आणि शेवटी कादंबरीतल्या त्या थोरल्या भावाचं पुढे काय झालं एवढंच विचारून गेले.

रेडिओ फक्त घरांच्या कादंबऱ्या आणायची. खून, दरोडे, प्रेमाची लफडी तिला चालायची नाहीत. कारण उघड होतं. आईवडील लहानपणीच गेले, मग काही वर्षं काकांकडे, तिथून मामांकडे, मामी कंटाळली तशी आत्याकडे. ‘मला घर नव्हतं असं कोण म्हणतं, चांगली तीन होती,’ असं ती हसत सांगायची. ते हसणं काही बघवायचं नाही.

एक कादंबरी होती पाच भावांच्या घराची. रोज भांडायचे, पण एकाला ताप आला की पाचही जण अंथरुणाभोवती. दुसरी होती एका जुन्या लॉजची. तिथे एक स्वयंपाकी, एक निवृत्त पोस्टमन, घरातून पळून आलेली एक पोरगी आणि एक विधवा नर्स, रक्ताचं कोणाचंच कोणाशी काही नाही, पण स्वयंपाकी गेला तेव्हा त्या तिघांनी असा टाहो फोडला की आमच्या घडीवालीने टाचणी बोटात घुसवून घेतली. मग आमचा एक खेळच सुरू झाला. पुढल्या जन्मी कोणत्या घरात जायचं? मी पाच भावांच्या, घडीवाल्या आज इथे उद्या तिथे, आणि रेडिओ नेहमी लॉजमध्ये. मावशी म्हणायची, ‘मला ह्यात ओढू नका, मला ह्या जन्मीचंच पुरे झालंय.’

का पुरे झालंय ते आम्हाला ठाऊक होतं. मावशीची एकुलती एक लेक. तिने आईला पसंत नसलेल्याशी लग्न केलं आणि मावशीने तिला तोंडावर सांगितलं की पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही. लेक आईचीच. तिने ते अक्षरशः पाळलं. त्याच शहरात राहते, बस बदलून जावं लागतं एवढंच, पण दोघींनी वर्षानुवर्षं एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. मावशीला विचारलं की म्हणायची, मेली असेन मी तिच्यासाठी. आणि पुढचं काज करायला घ्यायची.

आणि नेमकी रेडिओने नावाड्याच्या घराची कादंबरी आणली. तिला तरी काय माहीत? सुरुवात छान होती. नदी, नाव, विनोदी नवरा. मध्यावर नावाड्याची बायको लेकीला घराबाहेर काढते, तशी खोलीतली हवाच बदलली. आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी खूण केली, दुसरं पुस्तक घे. पण मावशीच म्हणाली, वाच, थांबलीस का. रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायला लागली. पोस्टमन, स्वयंपाकी कोणासाठी ज्या बाईने डोळा ओला केला नव्हता, ती नावाड्याच्या बायकोला शिव्या घालायची. म्हणायची, हटवादी मेली.

शेवटचं प्रकरण आलं त्या दिवशी मी रेडिओच्या शेजारीच बसले होते. मला वाचता येतं, मावशीला नाही. पुस्तकात लिहिलेलं मी तिच्या खांद्यावरून वाचलं. लेक येते, पण तिच्या आधी तिरडी अंगणात आलेली असते. आई कोणालाही काही न बोलता गेलेली असते. बस, एवढंच.

रेडिओ थबकली. मावशीकडे बघितलं. मावशीचं काज अर्धवट, सुई हवेत. आणि मग रेडिओ वाचू लागली. म्हणजे बोलू लागली. नावाड्याची बायको सकाळीच उठते, नाव पकडते, लेकीच्या दाराशी येते. दार उघडतं. आईला शब्द फुटत नाही. ती इतकंच म्हणते, ‘तहान लागलीय गं.’ आणि लेक तिचा हात धरून तिला आत ओढते. रेडिओ हे सगळं बोलत होती आणि पान एकदाही उलटत नव्हती. मी ते बघत होते आणि गप्प बसले. मलाही तेच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू.

कारखाना सुटला आणि दुसऱ्या दिवशी मावशी आली ती तोंड उतरवून. गेली होती लेकीकडे. लेकीने दार उघडलं, आईला बघितलं आणि लावून घेतलं.

आम्हाला वाटलं आता ही पुस्तकालाच आग लावणार. तसं काही नाही. ती शांतपणे रेडिओसमोर बसली आणि म्हणाली,

‘त्या बाईने दारात नेमकं काय म्हटलं होतं, ते परत वाच. माझं कुठेतरी चुकलं.’

रेडिओचा चेहरा पांढरा फटक. तिने विचारलं, तुम्ही काय म्हणालात? मावशी म्हणाली, ‘मी म्हटलं, इकडून चालले होते म्हणून डोकावले. तोंडाला येईल ते बोलले बघ. पाण्याचं राहूनच गेलं.’

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. रेडिओने पुस्तक उघडलं, तेच पान पुन्हा रचायला लागली. पण खोटं दुसऱ्यांदा तसंच्या तसं कुठे येतं? मावशीने दोनदा अडवलं. मागे तिने आधी चपला काढल्या होत्या, म्हणाली. मागे लेकीच्या हाताला पीठ होतं. रेडिओ विसरली होती, मावशीला सगळं पाठ होतं. ऐकून झाल्यावर तिने रेडिओच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि डब्याच्या पिशवीत टाकलं.

‘मला नीट बोलता येत नाही. तिला वाचता येतं. तिच्याच हातात देते, ती बघेल.’

रेडिओ म्हणाली, वाचनालयाचं आहे, परत द्यायचंय. मावशी म्हणाली, देईन की, खाते थोडीच.

त्या संध्याकाळी बाहेर रस्त्यावर रेडिओने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, ते पान नाहीये गं त्यात. मी म्हटलं, माहीत आहे. तर माझ्यावरच भडकली, की माहीत होतं तर बोलली का नाहीस? मीही काही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, उचलली जीभ लावलीस टाळ्याला तू, आणि जाब मला विचारतेस? आत्ता जा आणि सांग तिला. गेलीही बिचारी. मावशीच्या दारापर्यंत गेली. खिडकीतून तिला दिसलं, मावशी ठेवणीतले कपडे इस्त्री करत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, तहान लागलीय गं, तहान लागलीय गं. रेडिओ तशीच मागे फिरली.

त्यानंतर मावशी कामावर आलीच नाही. रेडिओ धागे कापायला बसायची आणि कापडच कापायची. मालकांनी दोन शर्टांचे पैसे तिच्या पगारातून वजा करीन म्हणून दम दिला तर म्हणाली, चारांचे करा. जेवायची नाही. दार वाजलं की दचकायची, चोराच्या मनात चांदणं तसं. मला म्हणाली, ‘मी तिला त्या दाराशी पाठवलं, एकदा नव्हे दोनदा. आणि दुसऱ्यांदा हातात आईचं मढं देऊन.’ खरंच होतं ते.

आणि मग एका दुपारी दार उघडून एक बाई आली. मावशीचंच नाक, मावशीचीच मान. हातात पुस्तक. तिने विचारलं, इथे वाचून कोण दाखवतं? आम्ही कोणी बोट दाखवलं नाही, पण रेडिओ आपणहून उठून उभी राहिली. त्या बाईने तिला बाहेर जिन्यात नेलं, आणि रेडिओने माझा पदर सोडला नाही म्हणून मीही गेले.

रेडिओने लगेच सांगून टाकलं, की मी थाप मारली, माझ्यामुळे तुमच्या आईला दारातून परत जावं लागलं.

‘ते तुमच्यामुळे नाही, दार मी लावलं होतं,’ लेक म्हणाली. ‘तुम्ही तुमच्या वाटचं तेवढं घ्या.’

मग ती जिन्याच्या कठड्याला टेकली आणि सांगू लागली. आई दुसऱ्यांदा आली, पुस्तक पुढे केलं, म्हणाली, शेवट वाच. आईला दारातच वाचून दाखवून वाटेला लावायचं म्हणून लेकीने तिथेच पुस्तक उघडलं.

‘मी वाचत होते. त्या पानावर आई मेली होती. आणि माझी आई समोर उभी राहून मला सांगत होती, आता बघ, आता दार उघडतं. सारखं विचारत होती, आलं का? उघडलं का?’

‘मग?’ रेडिओने विचारलं.

‘मी म्हटलं, हो. उघडलं.’

मावशी त्या दिवसापासून लेकीकडेच होती, जरा ताप होता एवढंच. लेक म्हणाली की राग माझा अजून गेलेला नाही, दिवसातून दोनदा भांडतो आम्ही. जाताना रेडिओला बजावलं, ‘तिला हे कधीही सांगायचं नाही. तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून तर नाहीच नाही.’

मावशी परत कामावर आली ती पोरगीसारखी टवटवीत होऊन. तिने सगळ्यांना सांगितलं, पुस्तकात लिहिलंय ते काही उगाच नसतं. खेळातही आता उत्साहाने भाग घेते, पुढल्या जन्मी नावाड्याच्याच घरात म्हणते. परवा घडीवालीने सवयीने रेडिओला विचारलं, तू लॉजमध्येच ना? रेडिओ नुसती धागे कापत राहिली. तर मावशी काजावरून मान वर न करता म्हणाली, ‘तिला काय विचारता? ती आता आमच्या घरातली. रविवारी जेवायला येणार आहे, माझ्या लेकीने तिच्यासाठी वेगळं ताट काढून ठेवलंय.’

मेली आयुष्यभर ज्या एका वाक्यासाठी कादंबऱ्या धुंडाळत फिरली, ते हे वाक्य. आणि तिचं तोंड असं झालं होतं जसं कोणी मुस्काटात मारली.

‘मावशी, ते पान...’ ती म्हणाली.

मावशीने मान वर केली. ‘काय गं? कोणतं पान?’

रेडिओने माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. वाचनालयातून ती ते पुन्हा पुन्हा आणत असते, मावशीची फर्माईश.

‘काही नाही. परत वाचू का, म्हटलं.’

‘वाच की.’

तिने शेवटचं पान उघडलं. मी शेजारीच बसले होते. अंगणात तिरडी होती, लेक नुकती वाटेवर दिसत होती. त्या ओळींवर बोट ठेवून रेडिओ वाचायला लागली, की सकाळी उठून ती नावेत बसली, दाराशी आली, चपला काढल्या. ह्या वेळी ती काहीच विसरली नाही.