बेलाच्या पानावरची शपथ

वीरभद्रशेठनं माझ्या वडिलांचं इंजिन लाटलं. कळंबच्या बाजारात जळक्या तेलाचा वास आला की आजही मला आधी तेच आठवतं.

वडील जर्मन होते. गिरण्यांची इंजिनं बसवायला निजामाच्या मुलखात आले आणि माझ्या आईशी लग्न करून कळंबातच राहिले. इंग्रजांची जर्मनीशी लढाई लागल्यावर शत्रूचा माणूस म्हणून शिपाई त्यांना छावणीत घेऊन गेले. जाताना त्यांनी स्वतःचं इंजिन शेठकडं सोपवलं. शेठनं बेलभंडारा उचलून ते परत द्यायची शपथ घेतली.

लढाई संपली, वडील वाळून परत आले. मी त्यांच्याबरोबर शेठच्या गिरणीत गेले. पीठ उडत होतं, इंजिन धडधडत होतं आणि त्यावरच्या पितळी पट्टीवर शेठचं नाव होतं.

शेठ हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही किरिस्ताव. तुमच्यापुढं घेतलेली बेलाची शपथ आमाला लागत न्हाय."

मी ओरडले, "शपथ तुम्ही घेतली शेठ, माझ्या बापानं न्हाय! बेल तुमचा, देवबी तुमचाच!"

दळणाच्या बाया पदराआड हसल्या. "लई तिखट हाय गं साहेबाची पोर!"

वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी आम्ही रिकामे परतलो, तेव्हा मला ती हार वाटली. आज माझ्या स्वतःच्या गिरण्या आहेत आणि तो हात मला मुकुटासारखा वाटतो.

शेठचा नातू दर सोमवारी महादेवाला बेल वाहतो. त्यानं त्याच देवापुढं उभं राहून सांगावं, आजोबांची शपथ खरी होती की खोटी?