वखराची पास

नेकनूरचे लोहारदादा कुणाला अवजाराचं नाव चुकू देत नसत. वखराला खाली आडवी लोखंडी पट्टी असते, मातीखालून तण कापत जाणारी. तिला आमच्याकडं पास म्हणतात. कुणी 'दादा, वखराच्या पात्याला धार लावा' म्हणत आलं, की ते भाता ओढत राहत. "पातं इळ्याला आसतं. वखराला पास. तुला काय पायजे?" माणसानं नीट नाव घेतलं की मग हसून बसायला पोतं टाकत.

मी तेव्हा बीडच्या कचेरीत मुहर्रिर, म्हणजे कारकून होतो; तेव्हाचा सगळा सरकारी कारभार उर्दूत, लोकांच्या जबान्या उर्दूत लिहून घ्यायच्या. मूळचा सिरसाळ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नेकनूरला गेलो की दादांच्या भट्टीशी बसायचो. "कचेरीत गेलात, पर अवजारं न्हाई इसरलात," असं म्हणून ते भाकरी पुढं करत.

एका उन्हाळ्यात नेकनूरच्या वाटेवर कुणीतरी एका व्यापाऱ्यावर वार करून त्याला लुटलं. पोलीस अमिनाला आरोपी हवा होता. दादांच्या छपरात, पेरणीआधी करून ठेवलेल्या नऊ पासा सापडल्या; हातभर लांब, नव्या धारेच्या. दादांना धरून आणलं. जबानी लिहायला मीच होतो.

"त्या पासा हायेत साहेब, वखराच्या."

उर्दूत पास म्हणजे जवळ. अमीन म्हणाला, "ये लफ्ज नहीं चलेगा. लोहे के धारदार पाते लिखो." पास म्हणजे काय, हे मला दोन ओळींत लिहिता आलं असतं. अमीन माझ्याकडे बघत होता. मी 'पाते' लिहिलं. दादांनी माझ्या भरवशावर खाली अंगठा उठवला.

खटला उभा राहिला तेव्हा न्यायाला बसलेल्या मुन्सिफानं ती जबानी वाचून विचारलं, "ये पाते तेरे घर में मिले?"

"पाती न्हाईत सरकार. पासा हायेत."

"किस के पास?"

कचेरी हसली. दादा गोंधळले, पण मागं हटले नाहीत. "माज्याकडं पाती नव्हतीच," एवढंच म्हणत राहिले. आधी कबुली, आता इन्कार. मुन्सिफानं त्यांना खोटारडा ठरवून दोन वर्षांची सजा दिली. मी दहा हातांवर बसून तेही लिहून घेतलं.

दादा सुटून आले ते खोकत. भट्टी पुन्हा पेटली नाही. गाव माजलगावहून पासा आणू लागलं. मी भेटायला गेलो तर ओट्यावर बसले होते.

"तुमाला ठावं हुतं न्हवं, पास म्हंजे काय?"

"होतं."

"मंग लिवलं कावून न्हाई?"

मी अमिनाचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग भिंतीला धरून उठले, घरात गेले आणि आतून कडी लावली.

त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. मी पुढं कितीतरी वर्षं त्याच कचेरीत जबान्या लिहिल्या, आणि बढती घेऊन, निवृत्त होऊन घरी आलो.