उपासाला चालतं

नवरात्रात आमच्या थेरगावच्या घराला ओल्या मातीचा वास येतो. घटाभोवती पेरलेला गहू पिवळसर कोंब वर काढतो, तिळाच्या तेलाची ज्योत अखंड तेवत राहते आणि झेंडूची नवी माळ रोज वर चढते. गेल्या नवरात्रापासून या वासात मला आणखी एक वास येतो: आंबटगोड, औषधी, जिभेच्या टोकाला मुंग्या आणणारा. तो घरात मीच आणला.

मी महाविद्यालयात मराठी कविता शिकवते. उत्तरपत्रिकांच्या दिवसांत, दुपारी जेवल्यावर डोळे जड झाले की एनर्जी ड्रिंकचा एक गार कॅन फोडायचा, अशी माझी सवय होती. त्याचा उपयोग होतो, हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. झोपेची साय बाजूला सरते, पुसट अक्षरे पुन्हा काळी होतात, कंटाळलेले मन एखाद्या ओळीपाशी थांबायला तयार होते. मात्र मी तो पीत असे भरल्या पोटी, पंख्याखाली, खुर्चीत बसून.

माझी धाकटी जाऊ तळवड्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते. सगळे काम उभ्याने. नवरात्रात तिच्या लाइनवरच्या बायका त्या त्या दिवसाच्या रंगाची ओढणी घेतात आणि बहुतेक सगळ्याच नऊ दिवस उपास धरतात. जाऊ तर एका केळ्यावर आणि चहावर दिवस काढणारी. दुसऱ्या माळेच्या दिवशी ती कामावरून आली ती भिंत धरतच. फ्रिजमधला माझा कॅन तिने गालाला लावला आणि विचारले, “ताई, हे उपासाला चालतं का?”

आमच्या घरी असले प्रश्न माझ्याकडेच येतात, कारण बारीक अक्षरे वाचणारी मी. मी कॅन फिरवून पाहिला. हिरवा ठिपका होता. धान्य नव्हते, कांदा-लसूण नव्हता. साखर, आम्ल, कॅफीन, रंग. त्याखाली, कुणी जपून राहावे याविषयी काही ओळी होत्या. त्यांत उपवास मोडण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी तिथे थांबले नाही.

“चालतं की. साखरपाणीच ते.”

“बघा हं, प्राध्यापकीणबाई. पाप लागलं तर तुमच्या नावावर.”

“लाव,” मी हसत म्हणाले.

तिसऱ्या माळेपासून ती पिशवीतून कॅन नेऊ लागली. घरी यायची ती ताठ मानेने. फुले ओवताना तिची बोटे भराभर चालत, आरतीत तिचा आवाज सगळ्यांच्या वर जाई. सासूबाई चाकणजवळच्या खेड्यातल्या, त्या कौतुकाने म्हणत, “देवीनं बळ दिलं गं पोरीला. न्हाईतर उपाशी बाई अशी नाचती व्हय?”

आम्ही दोघी जावा एकमेकींकडे पाहून हसू दाबत असू. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आठव्या माळेच्या दुपारी कामावरून येऊन ती माझ्यासमोर झेंडू ओवत बसली होती. सुई काही केल्या फुलात शिरेना.

“काय गं, सुई धरलीस की पाखरू?”

ती हसली नाही. “ताई, छातीत कुणीतरी गिरणी चालू केलीय.”

मी तिचे मनगट धरले. ते गार होते, घामाने ओलसर. माझ्या बोटांखाली ठोके एकमेकांना ढकलत पळत होते, मध्येच एखादा अडखळत होता. वर्गात मी वर्षानुवर्षे लय शिकवत आले आहे. त्या मनगटात लय नव्हती.

डांगे चौकाजवळच्या दवाखान्यात सासूबाईही आमच्याबरोबर आल्या. दिवसभर वायरी बांधणाऱ्या बाईच्या छातीवर डॉक्टरांनी वायरी लावल्या.

“सकाळपासून काय घेतलंय?” डॉक्टरांनी विचारले.

“उपास आहे. एक केळं. चहा.”

“आणखी काही?”

जावेने माझ्याकडे पाहिले. सासूबाई आमच्या शेजारीच उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत देवीने दिलेल्या बळाचे कौतुक अजून होते. यंत्रातून रेघांचा कागद सळसळत बाहेर येत होता. तो वीतभर झाला, हातभर झाला. मग मी म्हणाले, “एनर्जी ड्रिंक. रोज एक. आज दोन घेतले असतील. उपासाला चालतं, असं मीच सांगितलं होतं.”

सासूबाई म्हणाल्या, “म्हंजी देवीनं न्हाई, डब्यानं नाचवलं व्हय माझ्या पोरीला?”

डॉक्टर रागावल्या नाहीत. धडधाकट माणसाने भरल्या पोटी एखादे वेळी घेतले तर बहुधा निभावते, असे त्या म्हणाल्या. पण पोट रिकामे, शरीरात पाणी कमी, दिवसभर उभे काम, वरून चहाचेही कॅफीन. अशा वेळी हृदयाला चाबूक मारल्यासारखे होते. थकवा जात नाही, नुसता झाकला जातो. सलाईन लावून त्यांनी तिला देखरेखीखाली ठेवले. संध्याकाळपर्यंत ठोके ताळ्यावर आले. निघताना डॉक्टर मला म्हणाल्या, “बरं झालं, लगेच सांगितलंत.”

लगेच. हातभर कागदाइतका माझा गप्पपणा त्यांना दिसला नव्हता.

घरी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तिला मऊ वरणभात भरवला. “खा. देवी माझ्यागत अडाणी न्हाई, तिला समजतं,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. जाऊ मात्र घास गिळून मलाच म्हणाली, “ताई, एक घोळ झालाय. लाइनवर सगळ्यांना मीच सांगितलंय. आमच्या ताई प्राध्यापक आहेत, त्यांनी वाचून बघितलंय म्हणून. आता सगळ्याच पितात.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. राजगिऱ्याच्या लाडवांची पाकिटे घेऊन मी शिफ्ट सुटायच्या वेळी तळवड्याच्या त्या कारखान्याच्या फाटकापाशी उभी राहिले. आत यंत्रांची पूजा झाली होती. ओल्या नारळाचा आणि उदबत्तीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. गुलाबी ओढण्या बाहेर पडल्या. जावेच्या मोबाइलमधल्या फोटोंमुळे त्यांनी मला ओळखले.

“ह्याच त्या ताई!” एकीने हातातला अर्धा कॅन उंचावला. “तुमच्यामुळं निभावलं बघा!”

आयुष्यात कुणाचे आभार इतके बोचले नव्हते. मी सगळे सांगितले: जावेचे काय झाले, डॉक्टर काय म्हणाल्या, मी काय वाचले आणि काय वाचायचे सोडले. त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, “ते खरं हाय ताई. पण उभं ऱ्हायचं कशाच्या जोरावर? मशिनीला आज हार घालून बंद ठेवलंय. आमाला कोण ठेवतंय?”

सगळ्या हसल्या. मी पाकिटे पुढे केली. तिने प्रसादासारखे दोन्ही हातांनी एक घेतले. कॅन मात्र टाकला नाही, तसाच पर्समध्ये उभा ठेवला. मग पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाली, “हे तरी चालतं ना?”

मी ते हातात घेतले, मागची बाजू उन्हाकडे वळवली आणि पहिल्या अक्षरापासून वाचू लागले. त्यांच्या बसने हॉर्न दिला. मी शेवटच्या ओळीपर्यंत पोचले नव्हते.