मुठीतला चुरा

गाईच्या पोटातला रस्ता पूर्ण पाठ असलेला माणूस अख्ख्या रायपुरात एकच, आणि ते माझे थोरले साडू. समता कॉलनीतल्या स्वतःच्या गल्लीत ते आजही एक वळण पुढे जाऊन परत येतात. पण घास गाईच्या पहिल्या पोटात किती वेळ थांबतो, तिथले जंतू त्याचं काय करतात आणि आतड्यात तो केव्हा पोचतो, हे गाडीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाची पुरी आता नेमकी कुठवर गेली असेल, हे त्यांनी न विचारता सांगितलेलं मी ऐकलं आहे. त्या माणसानं पुढचं वाढप घेतलं नाही.

मी गुढियारीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहिलेला माणूस. आज बीरगावात पशुखाद्याचा छोटा कारखाना आहे, तो घासाघिशीच्या जोरावर. साडू गुरांच्या चाऱ्यावरच्या संशोधनाच्या नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा मीच त्यांना तिथे आणलं. त्यांचं काम असं : दुभत्या गाईला द्यायचं एक पोषकद्रव्य पहिल्या पोटात सुटलं तर तिथले जंतूच ते फस्त करतात, गाईच्या अंगी काही लागत नाही. म्हणून त्याच्या दाण्यावर कडक वनस्पती तुपाचा लेप चढवायचा. लेप पातळ झाला तर माल वाटेतच लुटला जातो, जाड झाला तर दाणा शेणातून जसाच्या तसा बाहेर येतो. हा लेप ते फिरत्या भांड्यात असा चढवत, जशी एखादी बाई संक्रांतीच्या हलव्याला काटा आणते. थेंब थेंब, आणि मध्येच भांडं थांबवून दाण्याकडे बघत बसणं. मी ओरडायचो, "साडूभाऊ, हलवा नाही करून राहिलो आपण, टेम्पो उभा आहे!" ते म्हणायचे, "हव," आणि तसेच बघत बसायचे.

शेणातून दाणे शोधायला त्यांनी एकदा माझ्या मेहुणीची पुरणाची चाळण नेली आणि धुऊन परत जागेवर ठेवली. मेहुणीला हे पाडव्याला, पुरण वाटून झाल्यावर कळलं. गाईच्या पोटातला रस ते थर्मासमधून आणत, कारण तो गार झाला की त्यातले जंतू मरतात. एका गिऱ्हाइकाला मी तोच थर्मास उघडून चहा ओतायला गेलो होतो. वासानं वाचलो. गिऱ्हाईक मात्र गेलं.

पण सगळ्यात वरचढ त्यांची मूठ. कडक तूप पांढऱ्या चुऱ्याच्या रूपात येतं. नवा माल आला की चिमूटभर चुरा उजव्या मुठीत धरून ते तास दोन तास हिंडत. "भाऊ, माल पक्का आहे का नाही हे कागद नाही सांगत, हात सांगते." त्या काळात नमस्कार, रस्ता ओलांडणं, फोन धरणं, सगळं डाव्या हातानं. एका बारशात त्यांनी बाळाला मुठीनंच आशीर्वाद दिला, आणि बाळाची आजी म्हणाली, "मारून राहिले का काय हे?"

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी मी गुढियारीच्या एका नव्या दलालाकडून चुरा घेतला. तोच रंग, तसंच पोतं, आणि भाव असा पाडला की दुपारभर स्वतःवरच खूश होतो. साडू त्या दिवसांत मुलीच्या साखरपुड्याच्या गडबडीत होते. मूठ कोणी धरली नाही. त्यांनी शिकवलेल्या पोरांनी लेप चढवला, माल गेला.

साखरपुड्याच्या दिवशी, पाहुणे पानावर बसायच्या बेतात असताना, एका डेअरीवाल्याचा फोन आला. "सेठजी, दूध तो पाव भर नहीं बढ़ा, और बोरी में दाना ढेला बन गया है।" पोत्यात दाण्याची ढेकळं! माझं डोकं फिरलं. समोर साडू उभे होते, शेजारी त्यांचे व्याही, रेल्वेतले, मोजकं बोलणारे. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "जनम गेला शेण चाळण्यात, अन् यायले एक लेप देता येत नाही! मले डुबवून राहिले हे!"

साडू म्हणाले, "भाऊ, बसा. जेवून घ्या." आणि हात धुवायला गेले. मी पाठोपाठ गेलो, आणखी बोलायचं होतं म्हणून. नळाखाली त्यांनी उजवी मूठ उघडली. सकाळीच त्यांनी गोदामातून चिमूटभर चुरा उचलला असणार. आता चुरा नव्हताच, नुसतं तेल होतं. तळहाताच्या उबेनं जे वितळतं ते बीरगावच्या पत्र्याखाली काय टिकणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, साबण लावला आणि हात धुऊन टाकला. तीच मूठ मंडपात उघडली असती तर मला खाली बघावं लागलं असतं. आणि मी? मी मुकाट पानावर जाऊन बसलो. जेवलोसुद्धा.

त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत. व्याही माझ्या भाचीला, आपल्या होणाऱ्या सुनेला, विचारतात म्हणे, "तुझे बाबा नक्की काय करतात?" मला लाज वाटते, आणि राग अजून त्यांचाच येतो. मले दोन शिव्या काहून नाही दिल्या? भांडण मला मिटवता येतं. हे कसं मिटवायचं?

सगळा माल मी परत उचलला. काल जुन्या दलालाकडचा चुरा घेतला, मूठ आवळली आणि ऑटोनं समता कॉलनीत गेलो, कारण एका हातानं स्कूटर चालत नाही. साडूंनी माझी बोटं एकेक करून उघडली, चुरा चोळला, हुंगला. "घामानं ओला आहे. वितळला नाही."

"साडूभाऊ, त्या दिवशी माल मीच..."

"मले माहीत आहे. मले काय सांगता?"

मेहुणी थर्मास घेऊन आली. मी थर्मासकडे पाहिलं. "चहाच आहे," ती म्हणाली, हसली नाही.

"उद्या व्याह्यांकडे जातो," मी म्हणालो. "त्यांच्यासमोर मूठ उघडतो, अन् सगळं सांगतो."

साडूंनी माझी बोटं एकेक करून परत मिटवली. "मग अजून थोडा वेळ धरून पाहा. तुमचा हात लवकर तापते."

मी डाव्या हातानं चहा घेतला. मूठ मांडीवर ठेवून, ते काही बोलतील म्हणून, संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसलो नव्हतो.