एकाच रविवारी हललेली दोन बिऱ्हाडं

भवानीपूरच्या त्या दुमजली घरात आम्ही बारा वर्षं भाड्यानं राहिलो आणि मग एका महिन्यात त्याचे मालक झालो. जुन्या मालकाला म्हातारपणी मुलाकडे पाटण्याला जायचं होतं. घर विकायचं ठरल्यावर त्यानं आधी भाडेकरूंनाच विचारलं. माझे यजमान खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला होते. त्यांनी फंडातून रक्कम काढली आणि हो म्हणून टाकलं. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती.

वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मी, हे आणि माझे सासरे. मागच्या बाजूला उघडी गच्ची. खाली पुढच्या दोन खोल्यांत एक वयस्क बंगाली जोडपं होतं; त्यांना आम्ही मेशोमशाई आणि माशिमा, म्हणजे काका आणि मावशी, म्हणायचो. ते गृहस्थ सियालदहजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जात. खालच्या मागच्या खोलीत एक नर्स एकटीच राहायची. इतकी वर्षं पंप बिघडला की आम्ही सगळे मिळून मालकाकडे तक्रार घेऊन जायचो. आता पंप बिघडला तेव्हा नर्स जिना चढून आमच्या दाराशी आली. एरवी बौदी, म्हणजे वहिनी, अशी हाक मारत थेट स्वयंपाकघरात येणारी बाई उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "बौदी, पंपाचं काय करायचं ते तुम्ही सांगा." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण घरमालकीण झालो.

पहिले निर्णय सोपे होते. पंप दुरुस्त न करता नवा घेतला. गच्चीच्या दाराला जुन्या मालकानं कुलूप लावून कपडे वाळत घालायचे वार ठरवून दिले होते. ते कुलूप मी काढून टाकलं. अवघड निर्णय त्या हिवाळ्यात आला. मामंजी न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून त्यांना खुर्चीत बसवून चार माणसांनी वर चढवलं. जिना आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. रोज सकाळी कोपऱ्यावरून दोन वर्तमानपत्रं घेऊन येणारा माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

आम्हाला खालचा मजला हवा होता आणि तिथे भाडेकरू होते. सल्ले देणारे पुष्कळ निघाले. कायदा भाडेकरूच्या बाजूनं आहे, दावा लावलात तर वर्षानुवर्षं चालेल, असं एकानं सांगितलं. गोदीतले ह्यांचे एक सहकारी घरी चहाला आले होते. त्यांचं म्हणणं, तोंडानं काही बोलूच नका, महिनाभर खालचं पाणी बंद ठेवा, आपोआप जातील. ह्यांनी त्यांना आणखी चहा ओतला. त्यांना अडवलं नाही याची मला भीती वाटली. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, "खालच्या नळावर मी त्या बायकांच्या बरोबरीनं बारा वर्षं बादल्या भरल्यात. तो नळ मी बंद करणार नाही. मी जाऊन विचारते."

दुसऱ्या दिवशी दुपारी खाली गेले. माशिमांनी चहा टाकला. मी सरळच सांगितलं, आमच्या खोल्या तुम्ही घ्या, तुमच्या आम्हाला द्या, भाडं आहे तेच राहील. मेशोमशाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"भाडेकरूनं एकदा खोली सोडली की त्याच्या हातात काही राहत नाही," ते हळूच म्हणाले. "मला माफ करा."

मी वर आले ती रागावूनच. आपल्यावर एवढाही विश्वास नाही, असं वाटत राहिलं. रात्रीची पोळी लाटताना मात्र मनात आलं, चार महिन्यांपूर्वी जुन्या मालकानं हेच विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं? हेच.

दोन दिवसांनी गच्चीवर माशिमा भेटल्या. ओली साडी झटकताना त्या स्वतःहूनच बोलू लागल्या. खालच्या ओलीनं त्यांना दमा जडला होता, पुस्तकांना बुरशी चढायची. वर मोकळ्या हवेत राहायची त्यांची किती वर्षांची इच्छा होती. पण लग्नानंतर लवकरच, दुरुस्तीसाठी म्हणून एका मालकानं त्यांना पंधरा दिवस बाहेर राहायला सांगितलं होतं. परत आले तर दाराला दुसऱ्याचं कुलूप. तेव्हापासून मेशोमशाई कुठल्याच मालकाच्या शब्दावर घर सोडत नसत.

मग आम्ही कागद करायचं ठरवलं. ह्यांनी इंग्रजीत मसुदा लिहिला. मेशोमशाईंनी लाल पेन्सिल काढून त्यातल्या सात चुका दुरुस्त केल्या आणि मगच अर्थाकडे वळले. अर्थ त्यांना पटला. पण आधी कोणी हलायचं? वरची किल्ली हातात आल्याशिवाय ते खालचं सोडणार नव्हते. आधी वरचं रिकामं करून दिलं तर दोन्ही मजले त्यांच्याकडे जातील, हे ह्यांच्या डोक्यात कोणीतरी भरवून दिलं होतं. या घोळात दोन आठवडे गेले.

तोड काढली नर्सनं. ती म्हणाली, "वॉर्डात दोन रोग्यांच्या खाटा बदलायच्या असल्या तर आम्ही एकाला व्हरांड्यात काढून ठेवत नाही. दोन्ही खाटा एकदमच ढकलतो."

म्हणून एका रविवारी सकाळी दोन्ही बिऱ्हाडं एकाच वेळी हलली. आमचं कपाट खाली निघालं आणि त्यांचा पलंग वर, आणि दोन्ही जिन्याच्या वळणावर अडकले. हमाल एकमेकांवर ओरडत होते. मेशोमशाई मुद्रितांचे गठ्ठे छातीशी धरून पायऱ्या चढत होते, मी पाटा-वरवंटा कडेवर घेऊन उतरत होते. मामंजींची खुर्ची खाली आणताना मेशोमशाईंनी गठ्ठे पायरीवर ठेवले आणि खुर्चीचा एक पाय धरला. दोघा म्हाताऱ्यांनी मान लववून एकमेकांना नमस्कार केला, तोही खुर्ची हवेत असतानाच.

संध्याकाळी सगळं शांत झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं की किल्ल्यांची अदलाबदल राहूनच गेली. वर जाऊन पाहिलं तर आमची किल्ली आमच्याच जुन्या खिळ्यावर लटकत होती. मेशोमशाईंनीही आपली खालच्या दाराला तशीच सोडली होती. दोघं हसले. मी मात्र खालच्या खोलीत, न उघडलेल्या डब्यांच्या मधोमध सतरंजीवर आडवी झाले आणि कित्येक महिन्यांनी निवांत झोपले.

दुर्गापूजेपर्यंत मामंजी काठी टेकत फाटकापर्यंत जाऊ लागले. खालची ओल अर्थात आमच्या वाट्याला आली. तिची तक्रार घेऊन जायला आता कोणी मालक नव्हता, म्हणून आम्ही गवंडी बोलावला.